शेवट फोडायचा नाही

बाबांचा लाडका गुप्तहेर परत आला तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला घडवणारे लेखक कधीच वारले होते. आता कुणी नवा लेखक, त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन, त्याच गुप्तहेराच्या नव्या रहस्यकथा लिहू लागला होता. मी म्हटलं, ही तर दुधाची तहान ताकावर. बाबा मात्र हरखले. लेखक गेला म्हणून काय झालं, आपला माणूस परत आला ना, एवढंच त्यांचं म्हणणं.

बाबा करंजाच्या कोळीवाड्यातले. तरुणपणी मामाच्या होडीवर जायचे, पुढे बंदरात कारकून झाले आणि आम्ही पनवेलला राहायला आलो. होडीवर रहस्यकथेची एकच प्रत असायची, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, आणि ती सगळ्या खलाशांत फिरायची. ज्याची वाचून झाली त्याने तोंड शिवून घ्यायचं. जो गुन्हेगाराचं नाव फोडेल, त्याने अख्खी होडी एकट्याने धुवायची. हा कायदा बाबांनी घरातही आणला, फक्त होडीच्या जागी मासळी आली. सहावीत असताना जेवता जेवता माझ्या तोंडून एक नाव निसटलं, तर आठवडाभर मांदेली मी साफ केली. हातांच्या वासाने वर्गात शेजारी कुणी बसेना. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

बाबांना इस्पितळात ठेवलं, तेव्हा नवं पुस्तक आणायला त्यांनीच सांगितलं. आधी मी वाचलं, हातात पेन्सिल घेऊन, चुका काढायलाच. जुना गुप्तहेर अडकित्त्याने सुपारी कातरत विचार करायचा. या नव्याने सुपारी सोडून दिली होती आणि तो बडीशेप चघळत होता. मी तणतणत बाबांना ते दाखवलं.

"डॉक्टरांनी बंद केली असंल," बाबा म्हणाले. "माजी नाय का केली?"

रोज थोडं थोडं करत ते वाचत होते. मधेच ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारायचे, "तो माळी खोटं बोलतोय ना गो?" मी छताकडे बघायची. माझा चेहरा वाचायची त्यांना सवय होती, म्हणून मी तो कोरा ठेवायला शिकले होते. आई स्टुलावर बसून आम्हा दोघांना हसायची. तिने आयुष्यात एक रहस्यकथा वाचली नव्हती. रात्री तीच त्यांच्याजवळ थांबायची.

शेवटची वीसेक पानं उरली होती. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार तर दोन दिवस. आईला तुम्हीच सांगा, म्हणाले. मी मान हलवली आणि चेहरा पुसून आत गेले. आई चहा प्यायला खाली गेली होती. पुस्तक बाबांच्या छातीवर पालथं पडलं होतं.

"आज अक्षर लागत नाय," ते म्हणाले. "बाय, तूच सांग. कोन हाय तो?"

जन्मात त्यांनी असं विचारलं नव्हतं. एक नाव सांगायचं होतं. पण ते सांगणं म्हणजे तुम्हाला आता पुस्तक पुरं करता येणार नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगणं होतं. ते माझ्याने होईना.

"शेवट फोडायचा नाही," मी म्हटलं. "घरी आल्यावर वाचा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हसले आणि मास्क नीट केला. भेटीची वेळ संपली होती, मी निघाले.

आठ वाजता आई रिक्षाने घरी आली. बाबांनीच पाठवलं, म्हणाली. मी लगेच निघायला चप्पल घातली, तर म्हणाली, "ते झोपलेत. सकाळी जाऊ दोघी." हट्ट धरायचा तर डॉक्टरांचं बोलणं तिला सांगावं लागलं असतं. मी चप्पल काढली. पहाटे इस्पितळातून फोन आला. बाबा गेले तेव्हा जवळ आमच्यापैकी कुणी नव्हतं.

दहावं उरकून नातेवाईक करंजाला परतले, तेव्हा आईने मला जवळ बसवलं. मी अन्नाला शिवत नव्हते, म्हणून तिला काहीतरी बरं सांगायचं होतं.

"त्या दिवशी लय खुशीत होते," ती म्हणाली. "मला बोलले, पोरगी शेवट सांगत नाय, म्हंजे डॉक्टरांनी तिला चांगलंच सांगितलं असणार. मी घरी येतोय. तू जा, आज जरा पाठ टेक." आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं झालं बाय, तू नाय सांगितलंस."

चाळीस वर्षांच्या संसारात ती एवढीच एक रात्र त्यांना सोडून झोपली, आणि ती माझ्यामुळे. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.