बाईंची खुर्ची

इथे आखातात, आमच्या मुसफ्फ्यात ऑगस्टमध्ये उघड्यावर पडलेला लोखंडी पत्रा जेवढा तापतो, तेवढे आमचे फोरमनकाका बाराही महिने तापलेले असतात. त्यांना न चिडवणारी गोष्ट या जगात मी तरी अजून पाहिलेली नाही. चहा गोड झाला तर चिडतात, अगोड झाला तर चिडतात, आणि नेमका झाला तर "आता कसा जमला? रोज काय धाड भरते?" म्हणून चिडतात. पण स्पष्टच सांगते, त्यांच्या रागावर मी हसले तर चालेल, दुसऱ्या कोणी हसलेलं मला खपत नाही. कारण मी आज जी काय आहे ती त्या रागामुळे आहे.

आमच्या घरी तेव्हा काही म्हणजे काही नव्हतं. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची आणि भाकरी थापताना ती ओठ दाबून धरायची. वडील इथे मुसफ्फ्यात काकांच्या हाताखाली हेल्पर. कामगारांच्या कॅम्पमध्ये दोघांची दुमजली खाट एकच, वडील वर, काका खाली. माझी दहावी झाली तसं वडील फोनवर म्हणाले, आता हिलापण कारखान्यात घालूया. तेवढ्यात फोन काकांनी हिसकावलेला कळला, कारण माझ्या कानात एकदम घंटाच वाजली. "पोरीला कारखान्यात घातलीस तर वेल्डिंगच्या सेटला जोडून ठेवीन तुला!" वडील घाबरले आणि मी कॉलेजात गेले. आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.कॉम., फर्स्ट क्लास. कोणी विचारलं नाही तरी सांगते. आई मात्र इथे कधीच आली नाही. लग्नाची, हक्काची बायको, पण हेल्परच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नाही म्हणे. वडील निवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा कुठे ती दोघं सलग एका घरात राहायला लागली.

मी लग्न होऊन इथे आले आणि त्याच कंपनीच्या ऑफिसात लागले. माणसांचे व्हिसा करण्याचं काम माझ्याकडेच आलं. तोवर काका फोरमन झाले होते आणि त्यांनी कॅम्प सोडून मुसफ्फ्याच्या रहिवासी भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. एकटा जीव, आणि दोन खोल्या! कपाटाचा अर्धा भाग रिकामा, आणि बाहेरच्या खोलीत एक वेताची खुर्ची, तिच्यावर कोणी बसायचं नाही. आम्ही रविवारी जेवायला गेलो की सतरंजीवर मांडी घालायची. एकदा आमच्या कंपनीचे मोठे इंजिनियर सहज त्या खुर्चीत टेकले, तर काका त्यांच्या अंगावर ओरडले, "उठा साहेब! बाईंची आहे ती!" साहेब उठले. सतरंजीवर बसून आमच्याबरोबर सोलकढी प्यायले.

बाई म्हणजे काकांच्या गावच्या शाळेतल्या मास्तरीण. दोघं लहानपणी एकाच वर्गात होती. काकांनी सातवीत शाळा सोडली, त्या शिकून त्याच शाळेत शिकवायला लागल्या, आणि तेव्हापासून काका त्यांना 'बाई' आणि 'अहो' म्हणतात. लग्न व्हायचं होतं. जात आडवी आली. बाईंचे वडील, ज्यांनी काकांना हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवली ते गुरुजी, म्हणाले, "माझ्या जिवंतपणी नाही." बाईंनी शब्द दिला, तुमच्या संमतीशिवाय करणार नाही, पण दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. आणि गुरुजी जे जगायला लागले ते जगतच राहिले! बरं, त्यांना जगवत कोण होतं? काका. गावी कोणी निघालं की त्याच्या बॅगेत गुरुजींसाठी खजूर, गुडघ्याचे पट्टे, ब्लडप्रेशरचं मशीन. एकाने ते खजूर वाटेत संपवले, तर काका त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. "म्हातारा माझ्या खजुरांवर टिकलाय आणि माझ्याच उरावर बसलाय!" असं ओरडत पुढचं पार्सल तेच बांधायचे. बाई ते खजूर दुकानातून आणलेत असं सांगून वडिलांना देत. निदान आमची तरी तशी समजूत होती.

दोघांचा संसार सगळा फोनवर. काकांची पक्की समजूत की समुद्रापलीकडे आवाज पोचवायचा तर तो मोठाच हवा. व्हॉइस मेसेज असे ठोकायचे, की खालचा पठाण बेकरीवाला मान वर करून बघायचा. "जेवलात का" हेसुद्धा दम दिल्यासारखं.

मागच्या वर्षी बाई शाळेतून निवृत्त झाल्या. गुरुजींना बघायला घरात मुलगा-सून होती. आणि काकांची साठी जवळ आली, म्हणजे आणखी थोड्याच वर्षांत कंपनी त्यांना परत पाठवणार. काका मला म्हणाले, "पोरी, गावात मी त्यांच्या ओटीवरसुद्धा बसू शकत नाही. एका घरात राहायचं तर ते इथेच, आणि आत्ताच. तू शिकलेली आहेस ना? काढ त्यांचा व्हिसा."

मी काढणार काय, कपाळ! इथे आता बिनलग्नाचे दोघं एका घरात राहिले तर पूर्वीसारखा गुन्हा नाही. राहा खुशाल. पण आणायचं कसं? बायको आणा, मुलं आणा, आईवडील आणा. जिच्यासाठी माणूस जन्मभर बिनलग्नाचा राहिला, ती या कोणातच बसत नाही. कायदा सगळ्यांना सारखा असतो ते ठीक आहे, पण एवढं थांबलेल्या माणसाला लग्नाच्या सर्टिफिकेटावर मोजायचं? आणि माझ्या आईकडे तर ते सर्टिफिकेटपण होतं! मला अजूनही त्याचा संताप येतो.

तरी आम्ही टायपिंग सेंटरला गेलो. इथली सगळी सरकारी कामं तिथूनच टाइप होऊन जातात. काउंटरवरचा मल्याळी पोरगा भला होता. त्याने विचारलं, "चाचा, रिलेशन? वाइफ?"

"नहीं."

"सिस्टर?"

"तोंड संभाल के बोल, मेल्या!"

मी काकांचा हात धरला. इतर लोक 'मावसबहीण' वगैरे ठोकून देतात, निदान गप्प तरी बसतात. काकांनी भर काउंटरवर खरं ते सगळं सांगितलं, गुरुजींच्या गुडघ्यांसकट. पोराने मन लावून ऐकलं आणि मदतीच्याच भावनेने म्हणाला, "तो हाउसमेड का वीज़ा निकालो, चाचा. उसमें रिश्तेदार चलता ही नहीं. आप का केस एकदम परफेक्ट है."

पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगते की मी मध्ये पडले नसते तर त्या पोराला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. बाहेर पार्किंगमध्ये, भर उन्हात काकांनी बाईंना व्हॉइस मेसेज ठोकला, "बाई, तुम्हाला मोलकरीण करून आणा म्हणतायत! मोलकरीण! राहू द्या तुमचा व्हिसा. जन्मभर तिथेच राहा, मी इथे मरतो, पण हे होणार नाही!" बोलताना आवाज फाटला. मी दुसरीकडे बघत राहिले.

आता गंमत अशी, की गुरुजींना घरात कोणाचंच ऐकू येत नाही. सुनेचं नाही, टीव्हीचं नाही. पण बाईंनी ओसरीवर तो मेसेज लावला आणि काकांचा आवाज त्यांच्या कानात बरोबर शिरला.

पुढच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो असताना बाईंचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी उचलला, तर समोर गुरुजी! टोपी घालून बसलेले. ज्यांना अख्खं वर्कशॉप टरकतं ते काका हातातला घास ताटात टाकून शाळेतल्यासारखे ताठ उभे राहिले.

"काय रे गाढवा! माझी मुलगी तुझी धुणीभांडी करणार?"

"मी नाही गुरुजी, तो टायपिंगवाला म्हणाला!"

"मग त्याच्या थोबाडीत का नाही दिलीस?"

"देतच होतो गुरुजी. ही पोरगी आडवी आली."

"शिक्षिका आहे ती! गाव तिला वाकून नमस्कार करतं! मोलकरीण म्हणे!"

"हेच! हेच मी त्याला सांगत होतो!"

आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं एका बाजूने भांडत होते आणि दोघांनाही ते फार आवडलेलं दिसत होतं. मग गुरुजींनी टोपी काढली, परत घातली. मागे बाई दाराला धरून उभ्या होत्या. गुरुजी म्हणाले, "बायको म्हणून ने. तशीच ने." आणि फोन ठेवता ठेवता, "आणि खजूर यंदा बारके होते."

काका उभेच होते. माझ्या नवऱ्याने पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. "म्हाताऱ्याला माहीत होतं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते कशावरच चिडले नाहीत, आणि मला भीती वाटली.

सुट्टी काढून काका गावी गेले आणि कोर्टात लग्न झालं. सर्टिफिकेटावर मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, मग वकिलातीचा. प्रत्येक शिक्क्याला काका फोनवर शिव्या देत होते, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पुढचा अर्ज मी स्वतः भरला. बी.कॉम. कशाला झाले होते?

विमानतळावर बाई बाहेर आल्या त्या एकदम छोट्याशा, पांढऱ्या केसांच्या. माझ्या मनात उगीचच कोणी तरुण बाई होत्या. काका ट्रॉलीच्या चाकावर चिडले आणि वाकून ते चाकच तपासत बसले, बराच वेळ. बाई शेजारी थांबल्या. त्यांना थांबायची सवय होती.

आम्ही अजून रविवारी जातो. आम्ही सतरंजीवर, काका सतरंजीवर, बाई खुर्चीत. गुरुजींचे खजूर आता बाई निवडतात, मोठे मोठे, आणि काका चिडतात, "म्हाताऱ्याचे लाड करा अजून!" परवा मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने खुर्चीचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बरं झालं. कोणीतरी पोचलं."

बाई मुसफ्फ्यात राहतात. काकांच्या व्हिसावर, बायको म्हणून.