चपळाईचा फळा
मार्करचं टोपण उघडलं, की त्या वासानं मला बारामतीच्या एमआयडीसीतला आमचा पशुखाद्याचा कारखाना आठवतो. मंदीत निम्म्या ऑर्डरी गेल्या होत्या, तेव्हा आमचे मॅनेजर पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आले आणि म्हणाले, आता आपण चपळ व्हायचं. रोज सकाळी उभ्याउभ्या पाच मिनिटांत कामं ठरवायची. त्यासाठी भिंतीवर ‘करायचं’, ‘चाललंय’, ‘झालं’ अशा रकान्यांचा फळा लागला. पण फळा म्हटल्यावर उद्घाटन आलं, उद्घाटन म्हटल्यावर पाहुणे आले, म्हणजे यायचे होते. पेंडीच्या उग्र वासात शाल-श्रीफळ घेऊन आम्ही सगळे ताटकळलो. बाहेर आमच्या उरल्यासुरल्या मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर डोकावून म्हणाला, “सायेब, माल भरताय का न्हाय? का जाऊ इंदापूरला रिकामाच?” “कळत नाही का, कार्यक्रम आहे!” मॅनेजर खेकसले. तो रिकामाच गेला, आणि ते गिऱ्हाईकही पुन्हा फिरकलं नाही. दुपारी पाहुणे उगवले, नारळ फोडून तासभर वेगावर बोलले, आणि टाळ्यांच्या कडकडाटात मॅनेजरांनी फळ्यावर पहिली चिठ्ठी लावली. परवा तिकडून गेलो, तर कारखान्याला कुलूप होतं. खिडकीतून फळा दिसला. ‘झालं’च्या रकान्यात ती एकच चिठ्ठी अजून चिकटलेली होती: फळ्याचं उद्घाटन.