बाईंच्या आईचं गाणं

बँजो शिकायला लागले तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी संपली होती, मुलगी लग्न करून सिअ‍ॅटलला गेली होती, आणि इथे अमेरिकेत अल्फारेटातल्या आमच्या घरात सकाळपासून नवऱ्याचा टीव्ही चालू असायचा. एका शनिवारी आम्ही उत्तरेकडे डोंगरात सफरचंदं आणायला गेलो. बागेच्या फाटकाशी एक पंचाहत्तरीची गोरी बाई घडीच्या खुर्चीत बसून बँजो वाजवत गात होती. आवाज चिरका. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच हलत होतं. बाकीची तीन बोटं बँजोच्या गोल तोंडावर ताणलेल्या कातड्यावर स्वस्थ टेकलेली. नदीत बुडालेल्या भावाचं गाणं होतं, आणि ती ते बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मी तिथेच उभी राहिले. नवऱ्याने गाडीतून दोनदा हॉर्न वाजवला.

"तुम्ही शिकवता का?" मी तिला विचारलं.

"शिकवत नाही. पण मंगळवारी मी घरी असते. ये."

मी जाऊ लागले. सव्वा तासाचा रस्ता, शेवटचे काही मैल नुसती वळणं. मनात आणि घरी मी तिला बाई म्हणायचे, शाळेत म्हणायचे तशी. बाईंकडे वही नाही, नोटेशन नाही. अंगठ्याने चाल वाजवायची, बोटाने खालची तार छेडायची, मग अंगठा वर नेऊन आखूड तारेवर, पुन्हा बोट. एवढंच. हे एवढंच मी सहा आठवडे करत होते. अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथली कातडी जाड झाली. फोनवर रेकॉर्ड करू का विचारलं तर बाई म्हणाल्या, "नको. फोनला येऊन काय उपयोग? तुला यायला हवं."

घरी नवरा म्हणायचा, "झालं का तुझं टुणटुण?" मला त्याचं काही वाटत नसे. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काहीतरी करत होते, जे केलं नसतं तर कुणाचंच अडलं नसतं.

वर्षभराने माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. हायवेवर समोरच्या गाड्यांचा उजेड फाकायला लागला. नवरा म्हणाला, "मी ड्राइव्ह करतो, तसाही मोकळाच आहे." मला बरं वाटलं. तो बाईंच्या स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसायचा, फोन बघायचा. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "बघू, मला दे जरा."

कॉलेजात असताना तो पुण्यात ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचा. डावा हात तयारच होता. जे माझ्या हातात बसायला तीन महिने लागले, ते त्याने दहा मिनिटांत वाजवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मलाही त्याचं कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात त्याने माझ्यापेक्षा भारी बँजो मागवला. मग मंगळवार आमचा दोघांचा झाला. बाई एक गाणं दाखवायच्या, तो ते लगेच उचलायचा, सारेगममध्ये वहीत लिहून घ्यायचा, आणि मी अजून पहिल्या ओळीत असताना पुढचं मागायचा. परतीच्या वाटेवर मला माझ्या चुका समजावून सांगायचा. "तुझा अंगठा मागे पडतो गं. लयीकडे लक्ष दे." टीव्ही बंद झाला होता, एवढंच काय ते चांगलं.

बाईंकडे त्यांच्या आईचं एक गाणं होतं. घर सोडून निघालेल्या मुलीचं. मी अगदी नवीन होते तेव्हा एकदाच त्यांनी ते माझ्यासमोर म्हटलं होतं. म्हणाल्या होत्या, "हे मी कुणाला दिलेलं नाही. माझ्या मुलाला नकोय. तुझा अंगठा तयार झाला की तुला देईन." दर वसंतात मला वाटायचं, आता देतील. गेल्या वर्षी मार्चमध्ये म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात बसू या त्या गाण्याला."

पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन मंगळवार मला जाता येईना.

"मी जाऊन येतो," नवरा म्हणाला. "क्लास कशाला कॅन्सल करायचा?"

"जा," मी म्हणाले.

दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी मी डोळ्यांत ड्रॉप्स घालून सोफ्यावर पडले होते. शेजारच्या खोलीत त्याने बँजो लावला आणि वाजवायला सुरुवात केली. दोन ओळींतच मी ओळखलं. चाल अंगठ्याऐवजी बोटाने वाजवत होता, आणि घाईत. मी उठून दारात गेले.

"हे कुठून आणलंत तुम्ही?"

"बाईंनी दिलं. काय सुंदर आहे ना? थांब, तू बरी हो, मी शिकवतो ना तुला."

रडायची सोय नव्हती; डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. सकाळी तो जिमला गेल्यावर मी बाईंना फोन केला.

"तुम्ही ते गाणं त्यांना दिलंत?"

त्या म्हणाल्या, "तो म्हणाला, तू सोडते आहेस. डोळ्यांमुळे. म्हणाला, गाणं निदान घरात तरी येईल."

तो घरी आल्यावर मी विचारलं. तो बूट काढत होता. "अगं, सोडते आहे असं मी म्हणालो नव्हतो. जमेल की नाही सांगता येत नाही, असं म्हणालो. आणि खरं सांग, तुला जमलं असतं? तीन वर्षं झाली."

अडतीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. हे वाक्यही त्याने समजुतीच्याच सुरात म्हटलं.

बाईंनी मला नंतर दोनदा फोन केला. "ये तू. पुन्हा बसू. दोघांना येत असलं म्हणून गाणं कमी होत नाही." मी म्हणाले, बघते. गेले नाही. मला वाटत होतं की त्यांनी आधी मला विचारायला हवं होतं, एक फोन करायला हवा होता. हा राग मी उन्हाळाभर जपला. ऑगस्टमध्ये त्या घरात पडल्या, मुलाने त्यांना ओहायोला नेलं. तिथे मी एकदा फोन केला. सुनेने दिला त्यांच्या हातात. त्या मला ओळखत होत्या, पण गाण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, "कुठलं?"

आता रविवारी दुपारी आमच्याकडे तीन जण शिकायला येतात. ऑफिसात काम करणारी दोन मुलं आणि एक डॉक्टरीणबाई. नवरा शिकवतो, आनंदाने, वह्या वाटून. मागच्या रविवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा कोपऱ्यातला माझा बँजो बघून त्या मुलांपैकी एकाने विचारलं, "काकू, तुम्हीपण वाजवता?"

"हो, वाजवते ना थोडंफार," नवराच म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून ते गाणं वाजवलं, त्याच्या त्या वेगात.

नवऱ्यावर चिडणं सोपं आहे, आणि ते मी रोज करते. पण बाईंनी दोनदा बोलावलं होतं, आणि तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले होते. गाडीची किल्ली दाराशीच लटकत होती.