रांगेतली भेसळ

डोंबिवलीच्या शेअर रिक्षा स्टँडवर ती बाई मला रोज दिसते. रेलिंगला टेकून पिशवीतल्या पिशवीत मटार सोलत असते. वर बघत नाही.

माझं काम चुंबकांचं. काही स्फटिकांत अणूंचे इवले चुंबक कितीही थंड केले तरी ओळीत लागत नाहीत. वरून नुसता गोंधळ दिसतो, पण आतून सगळे एकमेकांशी बांधलेले असतात. ते कळावं म्हणून आम्ही मुद्दाम थोडे परके अणू मिसळतो आणि शेजारचे कसे बिथरतात ते बघतो. यावर मी तासभर बोलू शकतो. बोलतोही.

तर इथे राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी स्टँडवर गेलो. माणसं कशीही विखुरलेली. रिक्षा आली, मी बसलो. सगळ्या माना एकदम वळल्या.

"लाइन आहे हो," ती म्हणाली.

"कुठंय?"

"एरवी नाही दिसत. तुमच्यासारखं कोणी घुसलं की दिसते."

परका अणू निमूट खाली उतरला.

आता मीही तिथे कसाही उभा असतो. काल एक नवखा थेट रिक्षात जाऊन बसला, आणि सगळ्यांच्या आधी माझीच मान वळली. तिने वर न बघताच मटारची एक शेंग माझ्यापुढे धरली.