सांगता येत नाही

माझी उमेदीची वर्षं तमिळ मुलखातल्या एका गल्लीत सोनं गाळण्यात गेली. आमच्या विट्याकडची पुष्कळ माणसं तेच करतात. या धंद्यानं मला तापट केलं की मी मुळातच तसा, देव जाणे; पण मोघम बोलणं मला खपत नाही. सोनं कसाला लावलं की खरं-खोटं तिथल्या तिथं कळतं.

पोरगी मात्र नेमकी मोघमातच शिरली. सांगलीला एमएस्सी करताना तिनं विश्वाचा शेवट हा विषय धरला. भावकीत चेष्टेला ऊत आला. "जग बुडायच्या आधी लगीन तरी उरकून घे," असं मीसुद्धा म्हणायचो.

एका रविवारी ती घरी आली होती. अंगणात शेंगा फोडता फोडता मी विचारलं, "मग कसं संपणार हाय गं हे समदं?"

"आप्पा, समदं एकमेकांपासनं लांब चाललंय, आन् पळायचा वेग बी वाढतोय. असंच चाललं तर लांबचा उजेड आपल्याकडं पोचायचाच न्हाई. तारे इझतील. मग नुसता अंधार आन् गारठा. न्हाईतर समदं फाटंल. न्हाईतर परत एका जागी गोळा हुईल."

"ह्यातलं खरं कुठलं?"

"न्हाई माहीत. कशामुळं पळतंय त्येच कळलं न्हाई अजून. आन् जिथनं उजेड आलाय तिथवरच दिसतं. पल्याडचं कुणालाच दिसत न्हाई."

"एवढं शिकून न्हाई माहीत?" मी खेकसलो. ती हसली आणि माझ्या पुढ्यातले दाणे खाऊन मोकळी झाली. न कळणाऱ्या गोष्टीवर एवढं खूश असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. सांगलीला दवाखान्यात ठेवलं, पण पेशी उतरतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही." माझं डोकं फिरलं. "मग कशाला बसलाय हितं?" म्हणून मी ओरडलो. तिनं माझी बाही ओढली, मास्क जरा बाजूला केला. "आप्पा, त्येंला खरंच माहीत न्हाई. भांडू नका."

तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी गेली. काळीज फाटतं म्हणतात, ते खोटं आहे. फाटलं असतं तर सुटलो असतो.

न्यायच्या आधी तोंडात सोनं ठेवायची रीत आहे. बायकोनं गळ्यातला एक बारीक मणी काढून दिला. तो मीच ठेवला.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. माणसं अस्थी वेचून मडक्यात घालत होती. मी पाण्याचं घमेलं घेऊन खाली बसलो. आमच्या धंद्यात दुकानातला केरसुद्धा जाळतात आणि राख धुऊन सोन्याचा कण न् कण काढतात. हात आपसूक तेच करू लागले. मूठभर राख घ्यायची, पाण्यात कालवायची, तळ चाचपायचा.

चुलतभावानं खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "सोनं ऱ्हाऊ दे रं गड्या. राखंतलं काढत न्हाईत."

मणी केव्हाच हाताला लागला होता. तो बाजूला टाकून मी पुढची मूठ पाण्यात घातली होती.