रविवारी न पडणारी रेषा

परभणी स्टेशनात गाडी हलली तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून एवढंच सांगितलं, "तितं गेल्यावर समद्यात हात घालू नगं." त्याला इतिहास होता. पेरणीआधी आण्णा सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर गाठ मारून ठेवत, किती उगवतात ते बघायला. गोणपाट चौथ्या दिवशी उघडायचं असतं. मी रोज उघडून बघायचो. एका साली त्यानं ओल उडाली, निम्मेही उगवले नाहीत आणि आण्णा बियाणेवाल्याशी भांडून आले. मी गप्प.

जर्मनीत काम मिळालं तेही उगवणीचंच म्हणा. सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या काचेवर जिवंत पेशी वाढवायच्या आणि खालून उजेड टाकायचा. पेशींनी काच घट्ट धरली की परतणारा उजेड बदलतो, स्क्रीनवरची रेषा चढते. पकड सुटली की उतरते. पेशींना हात न लावता त्यांची खुशाली त्या क्षणी कळते. हा सेन्सर ज्या उबदार पेटीत होता ती माझ्या ताब्यात. नोकरी मात्र अजून कच्ची.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई रेषा बघून हरखल्या. रोज सकाळी सातला ती पडायची, तासाभरात सावरायची. पेशींना सकाळ कळते की काय! लेख लिहायचं ठरलं. कोडं एकच, रविवारी रेषा पडत नव्हती. मला मात्र ते उलगडलं. रविवारची सुट्टी पेशी घेत नव्हत्या, मी घेत होतो. बाकी रोज सातला, बांधावर उभं राहून पीक बघावं तसा, पेटीचं दार उघडून मी त्यांना डोळे भरून बघायचो. ऊब जायची, पेशी आकसायच्या.

या वेळी गप्प बसलो नाही. मनातल्या मनात बॅग भरली आणि सांगून टाकलं. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. म्हणाल्या, "तुझी चोरी पकडली म्हणजे सेन्सर पक्का झाला." आज त्याच सेन्सरवर नव्या औषधांना पेशी कशा तोंड देतात ते बसल्या जागी दिसतं, आणि पेटीच्या दारावर माझ्या हातची मराठी पाटी आहे, खाली इंग्रजी अक्षरांतही: हात घालू नगं. गोरे लोक ती मोठ्यानं वाचतात, तेव्हा माझी छाती फुगते.

गोणपाटाचा गुन्हाही फोनवर कबूल केला. आण्णा म्हणाले, "ठावं हाय. भांडून आल्यावर गाठ बघितली, तुजी हुती. मंग बियाणेवाल्याला भजे चारून आलो."

आता सकाळी सातला मी पेटी उघडत नाही. आण्णांचा फोन येतो.

"काय करायलास?"

"काही नाही. बरा आहे."

"घसा बसलाय तुजा. सुंठ घे." आणि फोन बंद.

हजारो मैलांवरून, दार न उघडता. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच.