ऑर्लिनच्या कॉम्प्रेसरवर आर्डिसची बोली

आर्डिस ट्वेटला तो एअर कॉम्प्रेसर हवा होता, आणि हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती सकाळपासून त्याच्याकडे पाठ करून उभी होती. लिलावात हव्या त्या वस्तूकडे टक लावून बघणारा माणूस दुप्पट पैसे मोजून घरी जातो, हे मिनेसोटात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून ऑर्लिन ऑस्बीच्या अंगणात आर्डिसबाई चर्चच्या बायकांनी विकायला ठेवलेला, रुबार्बचे आंबट देठ भरून केकसारखा भाजलेला 'पाय' खात होत्या आणि कोंबड्यांची मोडकी खुराडी अशा आस्थेनं न्याहाळत होत्या, की जन्मभर त्यांना तेवढंच हवं होतं.

आर्डिसनं उभा जन्म शाळेची बस चालवली. थंडीत इंजिन रुसलं तर ती मेकॅनिकची वाट बघत बसली नाही, बॉनेट उघडून स्वतःच आत घुसली. नवरा गेला, नोकरी संपली, आणि तिला वेगळाच नाद लागला. लहान मुलांचे पायडल मारायचे जुने लोखंडी ट्रॅक्टर गोळा करायचे आणि घरच्या गॅरेजात नवेकोरे करायचे. गंज काढणं, वाकलेलं सरळ करणं सगळं तिथेच. रंगाचा फवारा मारायला मात्र कॉम्प्रेसर लागतो आणि तो होता ऑर्लिनकडे. तेव्हा दर गुरुवारी ती ट्रॅक्टर पिकअपमध्ये टाकून त्याच्या कोठारात जायची. रंग मारून झाला की तो सुकेपर्यंत कॉफी. आर्डिसचा रंग हल्ली फारच सावकाश सुकायला लागला होता.

आणि आता हा विधुर गडी शेत दुसऱ्याला कसायला देऊन, अवजारं विकून, ॲरिझोनाला लेकीकडे निघाला होता. त्यानं सांगितलं तेव्हा आर्डिस "छानच की!" म्हणाली, आणि घरी जाऊन तिनं धडधाकट ट्रॅक्टरचं चाक उगाचच खोलून ठेवलं. 'थांब' म्हणायची छाती होईना. निदान कॉम्प्रेसर तरी घरी आणू, म्हणजे गुरुवार अगदीच ओस पडणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

लिलाव पुकारणारा लायल गाड्यावर चढला. आधी ऐरण निघाली. ऑर्लिनच्या पुतण्यानं हात वर केला आणि सगळं अंगण गप्प झालं. आजोबांची ऐरण नातवाकडे जातेय म्हटल्यावर मध्ये कोण बोलणार? लायलनं ती कवडीमोलानं देऊन टाकली. आर्डिसनं समाधानानं मान डोलावली. माणसं अशी असावीत.

मग कॉम्प्रेसर. लायलच्या तोंडाचा पट्टा सुटला, "चारशे! चारशे कोण देतो? तीनशे? अहो, टाकी बघा, पंप बघा! दोनशे तरी म्हणा!"

"दीडशे!" आर्डिसचा हात कानाशी जाऊन भिडला. हातातला रुबार्बचा तुकडा खाली पडला.

"दीडशे आले! पावणेदोनशे कोण?"

कुणीच नाही. तीन शेतकरी मघाशी त्या यंत्राभोवती घोटाळत होते. एक आता आभाळ बघत होता, दुसरा बूट, आणि तिसरा, ड्वेन, तिच्या शेजारी उभा राहून कॉफी पीत होता. आर्डिसनं टाकीकडे चोरून बघितलं. टाकी तळातून सडली असणार! सगळ्यांना ठाऊक आहे, मीच तेवढी येडी! पण सडली तर सडली. आता लायलनं कमी भाव बघून यंत्र मागे घेतलं तर? ती घाबरून ओरडली, "दोनशे!"

"अगं आर्डिस," लायल म्हणाला, "तू स्वतःच्याच बोलीवर बोली चढवतेयस!"

अंगणात हसण्याची लाट उठली. लायलनं हसत हसत दीडशेलाच हातोडा आपटला.

आर्डिसनं शेजारी उभ्या ड्वेनला कोपर मारलं. "खरं सांग. टाकी सडलीय ना?"

"टाकीला काय धाड भरलीय?"

"मग मेल्यांनो, तोंडं का शिवली होतीत?"

"ऐरण कशी गेली, बघितलीस ना?" ड्वेननं शांतपणे कॉफीचा घोट घेतला. "तशीच."

"पुतण्या घरचा आहे. मी कुठली घरची?"

"ते तुम्हा दोघांनाच अजून कळलेलं नाही. बाकी गावाला कळून दोन उन्हाळे झाले."

आर्डिस कानशिलांपर्यंत लाल झाली. तिला पळून जावंसं वाटलं आणि नाचावंसंही, आणि दोन्ही एकदम जमेना. समोरून ऑर्लिन येत होता. त्याचेही कान लाल होते. तो कॉम्प्रेसरपाशी थांबला आणि आधी टाकीशीच बोलला.

"हिच्यातलं पाणी काढत राहावं लागतं. आणि तेल बघावं लागतं. दर गुरुवारी."

"ॲरिझोनातून बघणार आहेस?"

ऑर्लिननं टोपी काढली, पुन्हा घातली. "लेकीला अजून फोन करून नाही म्हणता येईल. तुला एकटीला जमत असेल तर गोष्ट वेगळी."

गेल्याच हिवाळ्यात हा पंप सगळा उघडून आर्डिसनं पुन्हा बसवला होता, आणि ऑर्लिन शेजारी टॉर्च धरून उभा होता.

"छे रे," आर्डिस खणखणीत आवाजात म्हणाली, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं. "मला बाई यातलं काही म्हणजे काही कळत नाही."